जुन्या अमेरिकन गाडीचं साल कसं ओळखायचं: उद्यमनगरातल्या एका पॅटर्नवाल्याची रीत

मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात पॅटर्न करतो, म्हणजे ओतकामाला वाळूत साचा उठवायचा नमुना. पोटाचा धंदा म्हणजे पंपाची केसिंग आणि गुऱ्हाळाच्या चरकाचे गिअर. जुन्या गाड्यांचं काम हा नाद. बॉनेटवरचं चिन्ह, जाळीचा मोडलेला दात, टेललाइटची कडी, असं जे बाजारात मिळत नाही त्याचा पॅटर्न करायचा, शेजारच्या भट्टीतून पितळेत ओतून घ्यायचं आणि क्रोमला पाठवायचं. त्यामुळं सांगलीपासून बेळगावपर्यंतची माणसं फोटो पाठवतात आणि खाली एकच प्रश्न असतो, "मामा, ही कुठल्या सालची?" फोटो बहुतेक वेळा समोरच्या जाळीचा, नाहीतर चिन्हाचा. म्हणजे जे सगळ्यात शेवटी बघायचं तेच लोक पहिल्यांदा बघतात. म्हणून माझी बघायची रीत एकदा लिहून काढतोय. घरच्या शेडमध्ये एखादी शेवरलेट, डॉज, प्लायमाउथ, ब्युइक उभी असेल किंवा कुणी विकायला आणली असेल, तर या क्रमानं बघा.

आधी एक विषय बाजूला ठेवतो. कोल्हापुरात जुन्या मोठ्या गाडीची गोष्ट निघाली की मेबॅक निघतेच. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींची ती गाडी बघतच आपण मोठे झालो. पण ती जर्मन. तिथं कंपनी चॅसी द्यायची आणि बॉडी गिऱ्हाइकाच्या मर्जीनं दुसरा कारागीर बांधायचा. तशा गाडीला माझी रीत लागू पडत नाही. ही रीत लाखांनी निघालेल्या अमेरिकन गाड्यांसाठी आहे, आणि ती चालते कारण त्या गाड्या एका ठरावीक धंद्याच्या हिशोबानं बदलत गेल्या.

तो हिशोब आधी समजून घ्या. फोर्डची मॉडेल टी १९०८ साली आली आणि १९२७ पर्यंत चालली. दीड कोटी गाड्या निघाल्या, आणि १९१४ ते १९२५ एवढी वर्षं रंग एकच, काळा. पण १९२० च्या दशकाच्या मध्यावर ज्यांना गाडी परवडत होती त्यांच्या दारात ती उभी राहिली होती. चालती गाडी सोडून माणूस नवी का घेईल? जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी यावर उपाय काढला: दरवर्षी गाडीचं रूप बदलायचं, म्हणजे शेजाऱ्याची नवी गाडी बघून आपली जुनी वाटायला लागते. ड्यूपाँटचा ड्युको रंग १९२३ मध्ये गाड्यांवर आला होता. तो झटपट वाळायचा, त्यामुळं रंगीत गाड्या भराभर काढणं जमायला लागलं. आपले पेंटर आजही 'ड्युको मारतो' म्हणतात तो हाच. मग १९२७ मध्ये स्लोननी हार्ली अर्ल या माणसाला बोलावून 'आर्ट अँड कलर' नावाचा विभाग काढून दिला. अर्ल मूळचा हॉलिवूडचा, नटनट्यांच्या गाड्यांच्या बॉड्या सजवणारा. तिकडं सिनेमावाल्यांच्या गाड्या सजवणारा माणूस मोटारींच्या कारखान्यात गेला, आणि त्याच्या थोडं आधी इकडं नाटकाचे पडदे रंगवणारे आमचे बाबूराव पेंटर स्वतः कॅमेरा बनवून सिनेमात गेले. दोघांच्या हातात कला आणि कारागिरी एकत्र होती. अर्ल तर गाडीचा नमुना मातीत घडवायचा, तोही पूर्ण आकाराचा. पॅटर्नवाल्याला हे वाचून बरं वाटतं.

आता गोम अशी की पत्रा दाबून आकार द्यायचे मोठे साचे, म्हणजे डाय, करायला अफाट खर्च येतो. दरवर्षी अख्खी बॉडी बदलणं अमेरिकेलाही परवडत नव्हतं. म्हणून मुख्य सांगाडा, म्हणजे टप, दारं, काचांची चौकट, दोन-तीन वर्षं तीच ठेवायची आणि जाळी, पट्ट्या, दिवे, चिन्हं तेवढी दरसाल नवी. नवरात्रात अंबाबाईची पूजा रोज वेगळ्या रूपात बांधतात आणि मूर्ती तीच असते, तसं म्हणा. गाडीला देवीची उपमा दिली म्हणून रागावू नका, पण दुसरी नेमकी सापडत नाही.

यातून बघायची रीत आपोआप निघते. सांगाडा पिढी सांगतो आणि क्रोम साल सांगतं. पण क्रोम चार बोल्टांवर बसलेलं असतं, ते कुणीही बदलू शकतो. टप बदलणं कुणाला झेपत नाही. म्हणून टपापासून सुरुवात करा आणि चिन्हावर शेवट.

टप आणि काच

गाडीपासून दहा पावलं लांब उभे राहा. टपाच्या मधोमध कापडाचा किंवा रेक्झिनचा चौकोन असेल, किंवा तिथं नंतर पत्रा बसवल्याची शिवण दिसत असेल, तर गाडी बहुधा १९३५ च्या आधीच्या घडणीची. तोवर एवढा मोठा पत्रा एका दाबात काढणं सोपं नव्हतं, म्हणून मध्ये भोक ठेवून कापड ताणायचे. जनरल मोटर्सनं १९३५ च्या मॉडेलांपासून अख्ख्या पत्र्याचा टप आणला, आणि जाहिरातीत त्याचाच डांगोरा पिटला. बाकीचे मागोमाग आले.

मग समोरची काच. याच्याइतका प्रामाणिक साक्षीदार गाडीत दुसरा नाही. सपाट एक काच म्हणजे जुना जमाना. मध्ये दांडी आणि दोन्हीकडं काच म्हणजे साधारण तिशीच्या, म्हणजे १९३० च्या दशकाच्या, मध्यापासून पन्नाशीच्या सुरुवातीपर्यंतचा काळ. मधली दांडी जाऊन एकच वळलेली काच आली की पन्नाशी सुरू. आणि काच कडेला वळून दारापर्यंत गेली असेल, दार उघडताना गुडघ्याला खांबाचं कोपर लागत असेल, तर १९५५ च्या आसपास किंवा नंतरची. कॅडिलॅक, ब्युइकमध्ये ती एखादं वर्ष आधी आली. शेवरलेट आणि फोर्डमध्ये १९५५ ला.

एक उदाहरण देतो, म्हणजे काच आधी का बघायची ते कळेल. १९५२ च्या शेवरलेटच्या जाळीत पाच उभे दात असतात. १९५३ मध्ये तीन झाले. १९५४ मध्ये पुन्हा पाच. आता नुसत्या जाळीचा फोटो पाठवून "मामा, पाच दात आहेत" म्हटलं तर मी काय सांगणार? पण काचेत मधली दांडी असेल तर १९५२, अखंड काच असेल तर १९५४. वाद मिटला.

घेणाऱ्यानं काच दुसऱ्या कारणासाठीही बघावी. दांडीची दोन तुकड्यांची काच सपाट असेल तर कुठलाही काचवाला लॅमिनेटेड काच कापून बसवून देतो. वळलेली मात्र बाहेरून मागवावी लागते, आणि वाटेत फुटली तर फुटली. अशी काच तडकलेली असेल तर किमतीत तेवढी घासाघीस आधीच करून घ्या.

कडेनं बघा

आता गाडीच्या बाजूला या. चारी मडगार्ड वेगवेगळे फुगलेले आणि मधून पाय ठेवायची पायरी, ही तिशीतली खूण. ही पायरी चाळिशीत हळूहळू दाराच्या पत्र्याखाली लपत गेली. हेडलाइट दांड्यावर किंवा बॉनेटच्या कडेला वेगळे उभे असतील तर आणखी जुनी. फोर्डनं ते १९३७ मध्ये मडगार्डात बसवले. १९४० च्या मॉडेलांपासून अमेरिकेत सात इंची गोल सील्ड बीम, म्हणजे काच आणि बल्ब एकत्र बंद केलेला दिवा, सगळ्यांना एकसारखा झाला आणि त्यामुळं समोरचा चेहराही त्या एका गोलाभोवती फिरायला लागला. चार दिवे १९५७ मध्ये काही महागड्या गाड्यांना आले, १९५८ मध्ये जवळजवळ सगळ्यांना. काच आणि बल्ब आपल्याकडं शंभरदा बदललेले असतात, तेव्हा ते बघू नका. दिवा ज्या वाटीत बसतो ती वाटी आणि तिच्या मागचा पत्रा बघा.

१९४२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत सामान्य लोकांसाठी गाड्या बनवणं बंद झालं. युद्ध. कारखाने विमानं आणि रणगाड्यांकडं वळले. लढाई संपल्यावर लोक गाड्यांसाठी इतके आसुसले होते की कंपन्यांनी १९४२ चीच गाडी नवी जाळी लावून १९४८ पर्यंत विकली. त्यामुळं १९४२ आणि १९४६ ते ४८ यांत सांगाड्यावरून फरक करता येत नाही. इथं नाइलाजानं जाळी आणि नंबराकडंच जावं लागतं. तो नंबर कुठं बघायचा ते पुढं सांगतो.

खरा बदल १९४७ ला स्टुडबेकरनं आणि मग १९४९ च्या मॉडेलांनी केला. स्टुडबेकरच्या एका मॉडेलची मागची काच एवढी मोठी होती की गाडी येतेय का जातेय, असा विनोद तिकडं चालायचा. फोर्डची १९४९ ची गाडी पुढून मागपर्यंत सपाट, मडगार्ड वेगळे फुगलेले नाहीतच. जाळीच्या मध्यात बंदुकीच्या गोळीसारखा उठाव. या फोर्डची तीन वर्षं ओळखणं अगदी सोपं आहे. बॉनेटच्या तोंडावर एफ-ओ-आर-डी अशी सुटी चार अक्षरं असली तर १९४९. त्या जागी ढालीचं चिन्ह असलं तर १९५०. मधली एक गोळी जाऊन दोन गोळ्या आल्या तर १९५१. सांगाडा तिन्हींचा एकच.

क्रायस्लरवाले मात्र उंच टपावर अडून बसले. त्यांचे प्रमुख के. टी. केलर यांचं म्हणणं होतं की माणसाला डोक्यावर हॅट ठेवून गाडीत बसता आलं पाहिजे. म्हणून १९४९ नंतरच्या प्लायमाउथ, डॉज, डिसोटो फोर्डच्या शेजारी पेटाऱ्यासारख्या ताठ दिसतात. तिकडं यावर टीका झाली, पण आपल्याकडं फेटा बांधून लग्नाला जायचं तर याच गाड्या सोयीच्या. वराती त्यांनीच गाजवल्या.

एकाच पत्र्याच्या तीन गाड्या

आपल्याकडच्या गाड्यांत एक जास्तीचा गुंता आहे, तो परदेशी पुस्तकांत नीट मिळत नाही. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायचा कारखाना काढला. फोर्डही त्याच सुमाराला आली, आणि ती थेट डेट्रॉइटची नव्हती, तर फोर्ड ऑफ कॅनडाची उपकंपनी होती. कॅनडा ब्रिटिश साम्राज्यातला, तिथून उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाड्या आणणं कराच्या दृष्टीनं परवडायचं. म्हणून कारखान्याच्या प्लेटवर कॅनडा दिसलं तर गाडी नकली आहे म्हणून घाबरू नका, उलट तेच बरोबर आहे.

नंतर वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं कुर्ल्याला क्रायस्लरच्या परवान्यानं डॉज, प्लायमाउथ, डिसोटो जुळवायला घेतल्या. या तिन्हींत निर्यातीच्या गाड्या बऱ्याचदा प्लायमाउथच्याच पत्र्यावर असायच्या. डॉज किंग्जवे आणि डिसोटो डिप्लोमॅट म्हणजे आत प्लायमाउथ, वर वेगळी जाळी आणि वेगळी नावं. अमेरिकन माणूस अशा गाडीचा फोटो बघून "ही डॉज नव्हेच" म्हणेल. त्याचं ऐकू नका. जनरल मोटर्समध्येही शेवरलेट आणि पाँटिअॅक एकाच सांगाड्यावर असायच्या, त्यामुळं शेवरलेटला पाँटिअॅकचं दार बसलेलं मी इथंच बघितलंय, आणि बसलंही होतं झकास.

याच कारणानं आपल्याकडं सुट्या भागांची सरमिसळ भरपूर. डॉज आणि फार्गोचे ट्रक गावोगावी चालायचे, त्यांचं सहा सिलिंडरचं इंजिन आणि गाडीचं इंजिन भाऊ-भाऊ. गाडीचं इंजिन बसलं की ट्रकचं घालायचं, जाळी मोडली की पुढच्या वर्षाची लावायची. मिस्त्रींनी काही गुन्हा केला नाही, गाडी चालती ठेवली. पण साल शोधणाऱ्याला ते लक्षात ठेवावं लागतं.

जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनीही पन्नाशीच्या मध्यापर्यंत इथला कारभार गुंडाळला. त्यामुळं मागे उंच पंख असलेल्या गाड्या आपल्या भागात फार कमी. पंखांची सुरुवात जनरल मोटर्सच्या १९४८ च्या कॅडिलॅकपासून झाली. अर्लच्या माणसांनी युद्धाआधी लॉकहीडचं पी-३८ विमान बघितलं होतं, दोन शेपट्यांचं, त्यावरून टेललाइटवर छोटा उठाव आला. मग प्रत्येकाचा पंख दरवर्षी वाढायला लागला. क्रायस्लरमध्ये व्हर्जिल एक्झनर यांनी केलरचा उंच टप १९५५ पासून खाली आणला आणि १९५७ मध्ये पंख आभाळात नेले. त्या वर्षी प्लायमाउथची जाहिरातच होती की अचानक १९६० साल आलं. १९५९ च्या कॅडिलॅकला सगळ्यांत उंच पंख, प्रत्येक पंखात गोळीसारखे दोन लाल दिवे. त्यानंतर उतरण लागली. माझं मत विचाराल तर १९४८ चा तो लहानसा पंखच सगळ्यांत देखणा, पुढचं सगळं शर्यतीपायी झालं.

पंख दिसला तर डिकी उघडून आतून हात फिरवा. हौशी मालकांनी डेंटरकडून पत्र्याचे पंख चढवून घेतलेल्या डॉज मी बघितल्यात. बाहेरून लांबी (डेंटरची पुट्टी) आणि रंगाखाली काही कळत नाही, पण आत ब्रेझिंगची, म्हणजे पितळेनं सांधल्याची, रेघ लपत नाही.

आता क्रोम

सांगाड्यावरून पिढी ठरली की मगच क्रोम बघायचं. शेवरलेटची १९५५ ते ५७ ही तीन वर्षं घ्या, जगभर लोक याच गाड्यांच्या मागे लागलेले असतात. १९५५ ची जाळी बारीक चौकटींची आणि आटोपशीर. १९५६ ची जाळी पूर्ण रुंदीची, आणि पेट्रोलचं झाकण डाव्या टेललाइटच्या मागे लपवलेलं. १९५७ ला मागे पंख, झाकण डाव्या पंखाच्या क्रोमपट्टीत. १९५७ च्या बेल एअरला जाळीवर सोनेरी झाक आणि मागच्या मडगार्डावर ॲल्युमिनियमचा पत्रा. झाकण शोधायची ही लपाछपी कॅडिलॅकनं १९४१ पासून टेललाइटखाली खेळून घेतली होती.

ब्युइकच्या मडगार्डाला १९४९ पासून गोल भोकं आली. सुरुवातीला रोडमास्टरला चार, त्याखालच्या मॉडेलला तीन. बॉनेटवर शिडाचं जहाज असलं तर प्लायमाउथ, मेंढा असला तर डॉज, बॉनेटवरून क्रोमच्या समांतर पट्ट्या धावत असल्या तर पाँटिअॅक, १९३५ ते १९५६ मधली कुठली तरी.

चिन्ह अस्सल की नंतर ओतलेलं, हे मात्र सविस्तर सांगतो, कारण हा माझ्या हातातला विषय आहे. कारखान्यातली बहुतेक चिन्हं आणि जाळीचे दात जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, लोखंडी डायमध्ये दाबानं भरलेले. पाठ उलटी करून बघा. अस्सल तुकड्याची पाठ गुळगुळीत, तिच्यावर पिना टोचल्यासारख्या गोल खुणा आणि उठावदार अक्षरात पार्ट नंबर. मी किंवा माझ्यासारख्यानं केलेला तुकडा वाळूच्या साच्यातला, त्याची पाठ खरबरीत, आणि पितळ असल्यानं हातात जड लागतो. जस्ताच्या तुकड्यावर क्रोमखाली बारीक पुटकुळ्या येतात, पितळेवर तशा येत नाहीत. म्हणजे सत्तर वर्षांच्या गाडीवर एकही पुटकुळी नसलेलं चकचकीत चिन्ह दिसलं तर ते नवं तरी आहे किंवा पुन्हा ओतलेलं तरी.

दुसरी परीक्षा मोजपट्टीची. पितळ थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं. जाणता पॅटर्नवाला तेवढी वाढ धरूनच पॅटर्न करतो. पण घाईत कुणी जुनं चिन्हच वाळूत दाबून ओतलं, तर दोनशे मिलिमीटरचा तुकडा तीन मिलिमीटरनं लहान येतो. मग बॉनेटवरच्या भोकांशी स्टड, म्हणजे चिन्हाच्या पाठीचे आट्यांचे दांडे, जुळत नाहीत, आणि माणूस भोकं मोठी करतो. चिन्हाच्या बुडाशी लांबोडकी झालेली भोकं दिसली की समजा, इथं पूर्वी दुसरंच काही होतं. अक्षरांच्या कडाही अशा तुकड्यात बोथट येतात.

लोहचुंबकही खिशात असू द्या. पातळ कापडात गुंडाळून दारांच्या खालच्या कडा आणि मडगार्डाच्या कमानीवरून फिरवा. जिथं चिकटत नाही तिथं लांबी भरलीय, किंवा शिसं. शिसं असेल तर वाईट वाटून घेऊ नका, कारखान्यातही टपाच्या जोडावर शिसंच भरायचे. नखानं ओरखडा उठला आणि राखाडी चमक दिसली तर शिसं, पांढरी पूड निघाली तर लांबी.

नंबर आणि पुस्तक

क्रायस्लरच्या गाडीला इंजिनच्या डाव्या बाजूला, पुढच्या कोपऱ्यात, हेडच्या खाली ठोकलेला नंबर असतो. सुरुवातीला पी १५ असेल तर प्लायमाउथचं १९४६ ते ४८ चं इंजिन, डी २४ असेल तर त्याच काळातल्या डॉजचं. शेवरलेटच्या इंजिनच्या ब्लॉकवर ओतकामाची तारीखच असते, उठावदार. पहिलं अक्षर महिना, ए म्हणजे जानेवारी आणि एल म्हणजे डिसेंबर. मग दिवस, मग सालाचा शेवटचा आकडा. सी १५ ५ असं दिसलं तर १५ मार्च १९५५. भट्टीवाल्या गावातल्या माणसाला ब्लॉकवर तारीख बघून आपलंच कुणी भेटल्यासारखं होतं. जाता जाता, फोर्डनं १९३२ मध्ये आठ सिलिंडरचा व्ही ब्लॉक एका ओतात काढून स्वस्त गाडीत घातला, त्याची कथा आमच्या भट्टीवर अजून चवीनं निघते. एवढे कोअर, म्हणजे आतल्या पोकळ्यांचे वाळूचे गाभे, जागेवर धरून तसा ब्लॉक रोज हजारांनी ओतायचा म्हणजे चेष्टा नव्हे.

तारीख ब्लॉकची असते, गाडीची नव्हे, आणि ब्लॉक बदलतात हे वर सांगितलंच. म्हणून इंजिनच्या खोलीतली मागची भिंत बघा. जनरल मोटर्सच्या गाडीत तिथं बॉडीची प्लेट शिल्लक असेल तर स्टाइल नंबरचे पहिले दोन आकडे म्हणजे साल, जसं ५५-१०११.

बॅटरीवरून अंदाज बांधणारे बांधतात. शेवरलेटला १९५५ आणि फोर्डला १९५६ पासून बारा व्होल्ट आलं, त्याआधी सहा. पण आपल्याकडं सहाची बॅटरी मिळेना म्हणून केव्हाच बारा केलेलं असतं. जुन्या फोर्डला पॉझिटिव्ह अर्थिंग असतं, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं, हे मात्र बॅटरी जोडण्याआधी नक्की बघा.

आरसी बुकातलं साल हे बऱ्याचदा नोंदणीचं साल असतं. अमेरिकेत नवं मॉडेल आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत बाजारात यायचं, म्हणजे १९५१ ची गाडी १९५० मध्येच विकायला. मग सुट्या भागांची खोकी बोटीनं इकडं, जुळवणी, विक्री, नोंदणी. बुकात १९५२ आणि गाडी १९५१ ची, यात फसवणूक नाही.

आता साल पक्कं करायला कायद्याचंही कारण आहे. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात ठेवलेली, चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षांची, आणि नंबरात व्हीए अक्षरं. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्तीपुरतीच. ज्यांना मे महिन्यात लग्नाच्या वरातीला भाड्यानं द्यायचीय त्यांनी हे वाचून मग सही करावी. आणि वर सांगितलेले पंख, ट्रकचं इंजिन यांचा निकाल नोंदणीच्या आधीच लावून घ्या.

मला किंवा कुणालाही दाखवायचं असेल तर

फोटो या क्रमानं काढा: बाजूनं पूर्ण गाडी, समोरची काच दारासकट, मागचा भाग, इंजिनच्या खोलीची मागची भिंत, ब्लॉकवरचा नंबर, आणि मग जाळी. नंबरावर खडू घासून वरचा खडू पुसला तर खोल अक्षरं पांढरी उठून दिसतात. वाळूचा कागद मारू नका, ठोकलेले आकडे आधीच उथळ असतात.

तुकडा ओतून हवा असेल तर मोडका का होईना, अस्सल तुकडा लागतो. तो नसेल तर बॉनेटवरच्या भोकांवर कागद ठेवून पेन्सिलीनं छाप घ्या आणि आकार लक्षात येईल असा फोटो मोजपट्टीसकट काढा. दोन्ही बाजूंना चिन्ह असेल तर एकच पुरे म्हणू नका, डावं-उजवं आरशातल्यासारखं उलट असतं, पॅटर्नही दोन लागतात.

आणि चिन्ह स्वतः ओढून काढू नका. जस्ताचे स्टड सत्तर वर्षांत ठिसूळ झालेले असतात. मागून डिझेल सोडून दोन रात्री मुरू द्या, मग नट हलक्या हातानं फिरवा. तरी हलला नाही तर नट कापा, स्टड वाचवा. नट दोन रुपयांना मिळतो.